केडगावची माउली : पंडिता रमाबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा अध्यक्षबाईंनी आम्हा काही जणींवर एकेका थोर स्त्रीचे चरित्र लिहिण्याचे काम सोपवले. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ही नावे भराभर वाटली गेली. माझी पाळी आली तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सांगितले. बैठकीत जरा वेळ कोणी बोलेना. मग एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले की, जिने आपला धर्म सोडला तिचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशाला? त्यांचा प्रश्न रागाचा नव्हता, पण मला काही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चारचौघींत बोलायचे म्हटले की जीभ अडखळते. म्हणून ते उत्तर मी इथे, घरातले काम आटोपल्यावर दुपारच्या वेळी बसून, माझ्या अल्पमतीप्रमाणे लिहिते आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

हे पुस्तक माझ्या हाती कसे आले ते आधी सांगते. आमच्या शेजारी भाड्याने एक परिचारिकाबाई राहात होत्या. नवापूरकडच्या, ख्रिस्ती. गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात वर्षाच्या तिखटासाठी मिरच्यांची देठे खुडायला आम्ही पाच-सहा जणी बसलो होतो. बोलता बोलता दुष्काळाच्या गोष्टी निघाल्या. आमच्या आजेसासूबाई छप्पनच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगत. त्यांनी त्या आपल्या सासूकडून ऐकलेल्या. माणसांनी झाडांच्या साली आणि रानातले कंद उकडून खाल्ले, गुरे जागच्या जागी मेली, आणि गुजराथेतून माणसांचे तांडे अन्नाच्या शोधात निघाले, असे त्या सांगत. विक्रम संवत १९५६ म्हणजे इंग्रजी १८९९-१९०० साल. तेव्हा परिचारिकाबाई म्हणाल्या की, त्याच दुष्काळात गुजराथेतल्या शेकडो मुलींना एका मराठी बाईने उचलून नेऊन जगवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रमाबाईंचे चरित्र आणून दिले. त्यानंतर आणखी दोन पुस्तके मी वाचनालयातून आणवली. जे वाचले, ते आपल्या भाषेत सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या रानात झाला. तो भाग आज कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी पुण्यास शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकताना त्यांनी पाहिले होते, आणि आपल्या बायकोलाही शिकवायचे असे तेव्हाच मनाशी धरले होते. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते चालू दिले नाही. ती वारल्यावर गोदावरीच्या काठी यात्रेत एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. तीच लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई. अनंतशास्त्र्यांनी तिला संस्कृत शिकवले, तेव्हा समाज उलटला. विद्वानांच्या सभेत त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रांचे आधार दाखवून त्यांनी आपली बाजू मांडली, आणि शेवटी लोकांचे बोलणे नको म्हणून रानात जाऊन घर बांधले. ते रान असे की रात्री वाघांच्या डरकाळ्या ऐकू येत.

आलागेला अतिथी, विद्यार्थी, यात्रेकरू यांना जेवू घालता घालता शास्त्रीबुवांची सगळी पुंजी संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना घरदार सोडून हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावर दिले होते. तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे त्यांना घर असे राहिलेच नाही. देवळात, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर गुजराण करायची. वडील म्हातारे झाले होते, म्हणून मुलीला आईनेच शिकवले. पहाटे उठून, मुलीला जवळ घेऊन, ती एकेक श्लोक म्हणवून घेई. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते असे चरित्रकार सांगतात. भगिनींनो, ज्या काळात मुलीच्या हाती पाटी देणे म्हणजे घरावर संकट ओढवून घेणे असे मानीत, त्या काळातली ही आई. तिची आठवण मला फार मोलाची वाटते.

पुढे दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. भीक मागायची या कुटुंबाला सवय नव्हती, आणि मोलमजुरी कोणी शिकवली नव्हती. होते नव्हते ते भांडे-दागिने विकून झाले. १८७४ साली वडील वारले. थोड्याच आठवड्यांत आई अंथरुणाला खिळली. आईला काहीतरी खायला मिळावे म्हणून रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, पण मागताना तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो त्यांनी आईपुढे आणला, पण आईच्या अंगात तो खाण्याचेही बळ उरले नव्हते. आई गेल्यावर तिला उचलायला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमाबाई. स्मशान तीन मैल दूर. रमाबाई उंचीने लहान, त्यांच्या खांद्याला तिरडी पोचेना. म्हणून ती बाजू त्यांनी डोक्यावर धरली आणि आईला पोचवली.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ उठले नाही. पुढे दुष्काळातल्या मुली पाहून ज्या बाईच्या पोटात तुटले, तिच्या पोटात काय होते ते मला इथे कळले.

थोड्या काळाने थोरली बहीणही गेली. उरली दोघे भावंडे. त्यांनी हजारो मैल पायी प्रवास केला. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून, त्यात निजून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. असे फिरत फिरत १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते आणि शास्त्रांचा अर्थ सांगते हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. काल भाकरीचा तुकडा मागताना जिची मान खाली गेली होती, तिचा आता भरल्या सभेत सत्कार झाला.

पण सुख थोडे होते. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून दोघांनाही आपापल्या माणसांनी दूर केले. एप्रिल १८८१ मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या रोगाने पतीही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत ही बाई आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा सगळ्यांना मुकली. जवळ होती ती दहा महिन्यांची पोर.

त्या पोरीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्यासारख्या मंडळींनी त्यांना आधार दिला. १ जून १८८२ रोजी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्यासारखी महिला मंडळे आज गावोगाव आहेत, त्यांची एक थोरली बहीण म्हणायची ती हीच. त्याच वर्षी सरकारचे शिक्षण कमिशन आले, त्यापुढे रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्यात, आणि बायकांची दुखणी पाहायला बायका डॉक्टर हव्यात, कारण आपल्याकडच्या स्त्रिया पुरुषाला दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करतात, असे त्यांचे म्हणणे होते.

स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ साली त्या विलायतेस निघाल्या. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून, ते विकून आलेला पैसा प्रवासाच्या खर्चासाठी कामी आला. वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरीचे शिक्षण काही होईना. तिथे एक गोष्ट मात्र घडली. लंडनमध्ये फुलहॅम येथे वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी या जोगिणींनी चालवलेले घर रमाबाईंनी पाहिले. ज्या बाईचे नाव घ्यायलाही कोणी तयार नसते, तिला या बाया आपल्या हाताने न्हाऊमाखू घालतात, तिच्याशी मायेने बोलतात, आणि त्या बदल्यात काही मागत नाहीत. हे कशाच्या बळावर, असा प्रश्न त्यांना पडला. तेव्हा त्यांना येशू ख्रिस्त आणि विहिरीवरची शोमरोनी बाई यांची गोष्ट दाखवली गेली. सगळ्यांनी दूर लोटलेल्या त्या बाईजवळ येशूने पाणी मागितले आणि तिला माणसासारखे वागवले. रमाबाईंचे मन तिथे लागले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात मोठा गहजब झाला. कालपर्यंत ज्यांनी डोक्यावर घेतले, त्यांतल्या पुष्कळांनी तोंड फिरवले. तिकडे विलायतेतल्या धर्मगुरूंनाही त्या सोप्या गेल्या नाहीत. स्वतःच्या बुद्धीला पटल्याशिवाय त्या कोणाचा हुकूम मानीत नसत. त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या, लुगडे सोडले नाही. दोन्ही बाजूंची मर्जी सांभाळली असती तर त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. पण पटले ते करायचे, मग किती का सोसावे लागेना, हा त्यांचा स्वभाव बापाकडूनच आला होता.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या, त्यांचा पदवीदान समारंभ पाहायला. तिथे दोन वर्षांहून अधिक राहून त्यांनी बालवाडीचे शिक्षण घेतले, देशभर व्याख्याने दिली, आणि आपल्याकडच्या उच्चवर्णीय विधवांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ साली निघालेले ते पुस्तक त्यांनी आपल्या आईला अर्पण केले. त्या पुस्तकाने अमेरिकेतली माणसे हलली. बॉस्टन येथे मंडळ स्थापन होऊन, विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा देण्याचे ठरले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. आरंभी दोनच विद्यार्थिनी. त्यांतली एक शारदा गद्रे. लवकरच गोदूबाई नावाची बालविधवा आली. याच गोदूबाई पुढे १८९३ साली महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. विधवांच्या शिक्षणाचा जो वेल कर्व्यांनी पुढे हिंगण्यास वाढवला, त्याला रमाबाईंच्या सदनाचेही पाणी मिळालेले आहे. सदनात विधवांचे केस काढीत नसत, त्यांना नीट लुगडी नेसवीत, शिकवीत, बागेत हिंडू-फिरू देत. ज्या मुलीला घरात सगळ्यांच्या मागून उरलेसुरले मिळायचे, ती इथे पाटावर बसून जेवायची.

१८९० साली सदन पुण्यास आले आणि १८९३ साली वादळ उठले. सदनात धर्माची सक्ती नाही असा शब्द होता, आणि तो रमाबाईंनी पाळला होता. मुली आपली व्रते, पूजा करू शकत. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. केसरीने कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. दार बंद ठेवा, एवढ्यावर बहुधा वाद मिटला असता. पण आपल्या लेकरांना आपल्या खोलीतून हाकलणे त्यांच्याच्याने होईना, आणि श्रद्धा लपवून प्रतिष्ठा राखणेही जमेना. त्यांनी नुकसान पत्करले. इथे मी एक कबूल करते. ज्यांनी विरोध केला ती माणसे वाईट नव्हती. आपल्या मुली परक्या होतील या भीतीने त्यांचे काळीज हलले. मी त्या काळी कोणा मुलीची आई असते तर मीही भ्याले असते.

आता छप्पनच्या दुष्काळाकडे येते. त्याच्या आधी १८९६-९७ सालीही दुष्काळ पडला होता, मध्य प्रांतात. रमाबाईंच्या कानावर आले की तिकडे आईबाप मेलेल्या मुली रस्त्यावर पडल्या आहेत आणि वाईट माणसे त्यांना उचलून नेताहेत. त्या वेळी त्यांच्या हाती जास्तीचा पैसा नव्हता. अमेरिकेचा पैसा विधवांच्या शाळेसाठी ठरवून दिलेला, आणि दहा वर्षांची मुदत संपत आलेली. शहाण्या माणसाने म्हटले असते, आधी आपले सदन सांभाळा. पण त्यांना आपली आई आठवली, तो बाजरीचा तुकडा आठवला. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुली आणू लागल्या. सुमारे तीनशे मुली त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, सरकारने मुलींना शहरात ठेवू दिले नाही. मग पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव आहे, तिथे त्यांनी मुलींना नेले. ही जमीन त्यांनी आधी घेतली होती ती फळबागेसाठी. अमेरिकेचा पैसा थांबला की बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे असा हिशेब होता. पुढच्या दिवसांची तरतूद म्हणून घेतलेल्या त्याच जमिनीवर त्यांनी झोपड्या उभारून उपाशी मुली आणून ठेवल्या. त्या जागेचे नाव झाले मुक्तिसदन.

मग छप्पनचा दुष्काळ आला. गुजराथेतून आणखी शेकडो मुली आणल्या गेल्या, आणि मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. भगिनींनो, आपल्या घरी लग्नकार्याला दोनशे पाने उठवायची तर आपण आठ दिवस आधीपासून धास्तावतो. इथे रोज दोन वेळा दोन हजार पोटे, आणि तीही अशा मुलींची की ज्यांना पहिले काही दिवस पेजसुद्धा मोजून द्यावी लागे, एकदम खाल्ले तर जीव जायचा. हाडांचे सापळे, अंगावर खरूज, केसांत उवा, आणि भुकेने मती गेलेली. सदनातल्या ब्राह्मण घरच्या मोठ्या मुलींनी जातपात बाजूला ठेवून या मुलींना न्हाऊ घातले, त्यांच्या जखमा धुतल्या. आपल्या मायेने त्यांना हे शिकवणारी बाई काय ताकदीची असेल! विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे ठेवली. मुली विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, रोट्या भाजणे, कपडे धुणे, छपाई असे नाना धंदे शिकल्या. जन्मभर कोणापुढे हात पसरावा लागू नये, हा त्यामागचा विचार. फसवलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन झाले. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून येऊन शिकवणे सुरू केले.

मुक्तिसदन हे उघडपणे ख्रिस्ती घर होते, आणि तिथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या, हे मी झाकून ठेवीत नाही. पण मुलगी दाराशी आली तेव्हा तिची जात कोणती, धर्म कोणता, हिच्यापासून आपला काय फायदा, हे कोणी विचारले नाही. आधी भाकरी, आधी औषध, आधी मांडी.

मनोरमाबाई शिकल्या-सवरलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झालेल्या. त्यांना कुठेही मानाची जागा मिळाली असती. पण त्या आईच्या कामातच राहिल्या. रमाबाई स्वतः पांढरे जाडेभरडे लुगडे नेसत. इतका पैसा हातून गेला पण स्वतःच्या नावाने काही साठवले नाही. १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. त्याचे त्यांना विशेष काही वाटले असेल असे मला वाटत नाही, कारण त्यांचा सगळा जीव तेव्हा दुसऱ्याच कामात होता. खेड्यातल्या साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणायचे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून मूळ ग्रंथावरून भाषांतर चालवले होते. छापण्याचे खिळे जुळवायच्या त्या सदनातल्याच मुली, ज्यांना एके काळी अक्षर ठाऊक नव्हते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. एकुलती एक लेक गेली, पण म्हातारी आई हातातले काम टाकून बसली नाही. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या भाषांतराचे छापील कागद तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले. १९८९ साली सरकारने त्यांच्या नावे टपालाचे तिकीट काढले. आणि केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार बायका-मुलींना सांभाळते आहे.

आता बैठकीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर. ते देण्यासाठी मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल. ती मी नणंदबाईंना विचारूनच लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नणंदबाई विधवा होऊन लेकीसह आमच्याकडे आल्या. घर सासऱ्यांच्या नावाचे. मागे परसदाराला मोकळी जागा. दुःखाचे दिवस सरले नाहीत तोच हितचिंतक मंडळी आम्हाला सांगू लागली की, बाई रडते आहे तोवरच सही घेऊन टाका, पुढे तिची पोर मोठी झाली की वाटा मागेल. आम्ही हक्कसोडीचा कागद तयार करून आणला. मी तो कपाटात लुगड्यांखाली ठेवला. वन्सं आम्हाला नाही म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होते, आणि त्याचीच मला आत कुठेतरी लाज वाटत होती. दिवसभर त्या माझ्याबरोबर भाकऱ्या थापायच्या, त्यांची लेक माझ्या धाकट्याचा अभ्यास घ्यायची, आणि कपाटात तो कागद.

त्याच दिवसांत मी रमाबाईंचे चरित्र वाचत होते. फळबागेची जमीन, पुढच्या दिवसांची तरतूद, आणि तिच्यावर आणून ठेवलेल्या त्या मुली. माझ्याकडे दोन हजार नाही, एकच बाई आणि एकच मुलगी आली होती. तीही परकी नव्हे. त्या रात्री मी घरच्यांना सांगितले की मला हा कागद घरात नको. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले की त्यांनाही तो टोचतच होता. पुढे वारसांची नोंद झाली तेव्हा बहिणीचे नाव इतरांबरोबर लागले. यात आम्ही काही मोठे केले असे नाही, कायद्याने ते तिचेच होते. आजही आमच्या दोघींचे स्वयंपाकघरात मिठावरून, डब्यांवरून वाजते. पण रात्री झोप लागते.

त्या वडीलधाऱ्या बाईंना मी हात जोडून एवढेच सांगेन, की माझा देव्हारा जिथे होता तिथेच आहे. सकाळची पूजा चुकत नाही, आणि कोणी आपला धर्म बदलावा असे माझ्या मनातही नाही. पण ज्या प्रेमाने रमाबाईंनी परक्यांच्या लेकी पोटाशी धरल्या, ते त्यांना ख्रिस्ताच्या चरणापाशी सापडले असे त्या मानीत, आणि ते खोटे मानण्याचा मला अधिकार नाही. विहिरीचा मालक कोण हे विचारत बसले तर तहानलेले माणूस मरून जाईल. मला त्या विहिरीचे पाणी गोड लागले. म्हणून चार घोट तुमच्यासाठीही आणले.

पुस्तक देणाऱ्या परिचारिकाबाईंची मध्यंतरी बदली झाली. पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी ते माझ्याकडेच राहू दिले. ते आता मंडळाच्या कपाटात ठेवले आहे. ज्या भगिनीला हवे असेल तिने खुशाल न्यावे, वाचावे, आणि वाचून झाल्यावर दुसरीला द्यावे.